काचेतल्या बाळाच्या आईला पण कॉट द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या भाचीचं बाळ कमी दिवसांचं, म्हणजे वेळेआधीच जन्मलं, पुण्यातल्या एका हॉस्पिटलात एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होतं. बाळाची काळजी उत्तम घेतली, सिस्टरांचे तर पाय धरावेत, पण आईचं काय? तिला डिस्चार्ज दिला आणि मग ती ताजे टाके घेऊन जिन्याजवळच्या बाकावर, दर दोन-तीन तासांनी दूध काढून द्यायचं, घर इंदापूरला, जाणार कुठे हो?

खरंतर २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनाच सांगतेय की कमी दिवसाच्या बाळाला जन्मल्यापासूनच आईच्या उघड्या छातीशी ठेवा, म्हणजे कांगारू केअर. त्याने बाळ गरम राहतं, इन्फेक्शन कमी होतं, बाळं दगावण्याचं प्रमाणही घटतं. बाप, आजी, मावशी कुणीही करू शकतं. आमच्याकडे मात्र बापाला काचेतून बघायला पाच मिनिटं, ती पण वॉचमनच्या मूडवर!

नवीन व्हेंटिलेटर आला की फोटो येतात पेपरात. आईसाठी कॉट, बाथरूम आणि रोज संध्याकाळी डॉक्टरांनी मराठीत दहा मिनिटं बोलणं याला कितीसा खर्च येतो?

अजून एक, ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे महिन्याच्या आत तपासायचे असतात, उशीर झाला तर नजर जाऊ शकते. हे आम्हाला शेजारच्या बाळाच्या आजीने सांगितलं. डिस्चार्ज कार्डावर तारखेसकट मोठ्या अक्षरात लिहा ना.

- एक मावशी, कोथरूड, पुणे