जी.एं.ची वेबसाइट काढा, पण कथा उचलू नका

संपादक महोदय,

जी. ए. कुलकर्णींच्या कथांवर चाहत्यांनी वेबसाइट काढावी, हा रविवारच्या पुरवणीतला लेख पटला, फक्त 'सगळ्या कथाच साइटवर टाका' म्हटलंय ते काही जमायचं नाही. जी.ए. गेले १९८७ साली, कॉपीराइट त्यानंतर ६० वर्षं, म्हणजे २०४७ संपेपर्यंत परवानगीशिवाय स्कॅन अपलोड करता येत नाहीत. त्यापेक्षा कुठली कथा कुठल्या संग्रहात ते द्या, आणि मुख्य म्हणजे त्यांच्या मराठीत येणाऱ्या कानडी वळणाच्या शब्दांचे अर्थ द्या. माणूस आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याचा, नोकरी धारवाडात, ही बोली आमच्या घरात अजून चालते, पुण्याकडची पोरं मात्र तिथंच अडतात (माझा भाचाच बघा). तेवढं काम आम्ही बेळगावकर आनंदानं करू.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव