शाकारणीची वर्गणी

लीथ, एडिनबरा
१४ जून

तीर्थरूप अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

घरच्या ग्रुपवर मी टाकलेली लिंक काकूंनी उघडली, त्यात माझा हसरा फोटो आणि खाली ‘अजून २,१४० पौंड हवेत’ हा आकडा पाहिला आणि ‘पोरीवर तिकडे लोकांपुढे हात पसरायची वेळ आली’ असे त्या आईला सांगून बसल्या, हे कळल्यावर मला आधी हसू आले आणि मग थोडी लाज वाटली. काकूंना सांगा की माझी नोकरी शाबूत आहे, घरभाडे वेळेवर जाते आहे आणि हे पैसे माझ्यासाठी नसून नाटकासाठी आहेत. तुम्ही मात्र फोनवर एकच प्रश्न विचारलात, ‘हिशेब कोण ठेवतो?’ आणि त्याचे उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखे नव्हते, म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे.

हिशेब मीच ठेवते. दिवसभर कचेरीत दुसऱ्यांचे ताळेबंद तपासणारी मी या मंडळीत शिरले ती वेशभूषा शिवायला म्हणून, पण खजिनदार मिळत नाही ही अडचण सांगलीत काय आणि इथे काय, सारखीच असल्यामुळे दुसऱ्याच बैठकीत वही माझ्याकडे आली. मंडळी म्हणजे सहा माणसे: चार नट, लेखन आणि दिग्दर्शन दोन्ही करणारी एक बाई, आणि प्रकाश व ध्वनी सांभाळणारा एक मुलगा. त्यांतले दोघे नट ग्लासगोहून येतात आणि तालीम संपली की शेवटच्या गाडीसाठी धावत सुटतात. नाटक नवे आहे आणि विनोदी आहे. इथल्या जुन्या दगडी चाळवजा इमारतीत, म्हणजे एकाच जिन्यावर सात-आठ बिऱ्हाडे असतात तशा इमारतीत, पावसाळी रात्री छप्पर गळू लागते आणि दुरुस्तीचे पैसे गोळा करायचे काम सर्वांत भिडस्त भाडेकरूच्या गळ्यात पडते, एवढीच गोष्ट आहे. स्कॉटलंडमध्ये अशा सामाईक इमारतींसाठी २००४ चा कायदा आहे आणि डागडुजीचा निर्णय मालकांच्या बहुमताने होऊ शकतो. पण बहुमत होणे वेगळे आणि तळमजल्यावरच्या गृहस्थाने खिशात हात घालणे वेगळे, हे तुम्हाला मी सांगायला नको. आपल्या वाड्याची कौले शाकारायच्या वेळी खालच्या खोलीतले बिऱ्हाडकरू ‘आमच्या डोक्यावर तुमची जमीन आहे, कौले नव्हेत’ असे म्हणाले होते, ते वाक्य मी दिग्दर्शिकेला सांगितले आणि ते आता जवळजवळ तसेच नाटकात आहे. तुमची परवानगी गृहीत धरली आहे.

हे नाटक आम्ही ऑगस्टमध्ये इथल्या फ्रिंज महोत्सवात करणार आहोत. १९४७ साली एडिनबरामध्ये पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला तेव्हा आठ नाटक मंडळ्या आमंत्रणावाचून आल्या आणि मिळेल त्या जागेत त्यांनी आपले प्रयोग केले. पुढच्या वर्षी रॉबर्ट केम्प नावाच्या पत्रकाराने मुख्य महोत्सवाच्या ‘कडेकडेने’ चाललेल्या या प्रकाराविषयी लिहिले आणि ‘फ्रिंज’, म्हणजे पदराची किनार, हे नाव त्यावरून रूढ झाले. आता ती किनारच लुगड्यापेक्षा मोठी झाली आहे. ऑगस्टच्या तीन-साडेतीन आठवड्यांत तीन हजारांहून अधिक कार्यक्रम होतात. निवड समिती नाही, प्राथमिक फेरी नाही, परीक्षक नाहीत. राज्य नाट्य स्पर्धेत तुम्ही पंचवीस वर्षे घालवलीत, तेव्हा हे ऐकून तुम्हाला हेवा वाटेल. पण निवडणारा कोणी नसला की खर्च उचलणाराही कोणी नसतो, हे दुसरे अंग मला इथे आल्यावर कळले.

आता आकडे. ते रुपयांत करून बघू नका, झोप लागणार नाही. आमची जागा म्हणजे एका पबचे तळघर, खुर्च्या पन्नास. एकाच तळघरात सकाळी अकरापासून मध्यरात्रीपर्यंत एकामागून एक सात खेळ होतात. आमच्या वाट्याला दुपारचा एक तास आणि त्याआधी पंधरा मिनिटे, त्यातच आधीच्या मंडळीचे नेपथ्य बाहेर आणि आमचे आत. म्हणून आमचे सगळे छप्पर दोन घडीच्या पाट्यांवर रंगवलेले आहे आणि एका माणसाला उचलता येते. जागेचा व्यवहार असा, की तिकीटविक्रीचे चाळीस टक्के किंवा २,२०० पौंड, यांपैकी जे जास्त असेल ते जागावाल्याचे. बावीस प्रयोगांच्या अकराशे खुर्च्यांपैकी तिसरा हिस्सा भरेल असे धरले, दहा पौंड तिकीट लावले, तर गल्ला होतो सुमारे ३,६६०. खर्च मात्र जागेसकट ९,०५०. पहिल्या अंदाजपत्रकात दिग्दर्शिकेने साठ टक्के खुर्च्या भरतील असे लिहिले होते आणि त्यावरूनच एका न्यासाने आमचा पहिला अर्ज परत पाठवला. मला त्यांचा राग आला नाही, कारण मीही तो परतच पाठवला असता. तुमचा नियम आठवला: पहिल्या दोन रांगा नातेवाइकांच्या, त्या फुकट, उरलेल्यांतल्या अर्ध्या रिकाम्या, आणि पाऊस आला तर देव जाणे.

या ९,०५० मधले ३,६०० सहा जणांच्या मानधनाचे आहेत आणि त्यावरून तुमचे-माझे भांडण होणार हे मला ठाऊक आहे. हौशी नाटकात नाइट, म्हणजे प्रयोगाचे पैसे, कसली, हे तुमचे मत. तुम्ही मंडळींना बटाटेवडा आणि चहा याखेरीज कधी काही दिले नाही आणि कोणी मागितलेही नाही. पण तुमच्या नटांना बँकेत किंवा साखर कारखान्यात नोकऱ्या होत्या. इथले चौघे महिनाभर दुसरे काम सोडून हे करणार, त्यांना सहाशे-सहाशे पौंडसुद्धा मिळणार नसतील तर पुढच्या वर्षी ज्यांच्या घरी पैसा आहे तेवढेच नाटक करतील. या एका रकमेवर मी कात्री लावू दिली नाही.

म्हणजे हवे होते ५,३९० पौंड. सरकारी सवलत आहे; नाटकाच्या उभारणीवरच्या खर्चासाठी कंपन्यांना २०१४ पासून करातून काही रक्कम परत मिळते आणि आम्हीही ती मागणार आहोत, पण ती वर्षाचे हिशेब सादर केल्यानंतर येते, आणि तळघराची अनामत मात्र मे महिन्यातच भरायची होती. न्यासांच्या अर्जात ‘या प्रकल्पाचा समाजावर काय परिणाम होईल’ असा रकाना असतो. शोकांतिका असती तर मी तो दहा मिनिटांत भरला असता. ‘लोक हसतील’ असे लिहून मी तीन दिवस त्या वाक्याकडे बघत बसले होते. माणसांना रडवायचे असेल तर ते गंभीर काम आणि हसवायचे असेल तर हौस, ही समजूत कागदोपत्री फार घट्ट बसलेली आहे. आणि याच गावात ऑगस्टमध्ये सर्वांत जास्त कार्यक्रम विनोदाचे असतात. अखेर एका लहान न्यासाने दुसऱ्या अर्जाला एक हजार पौंड दिले, तेही, मला वाटते, विनोदापेक्षा शेजाऱ्यांच्या भांडणाचा विषय पाहून.

बाकीची वर्गणी. इंटरनेटवर अशी वर्गणी गोळा करण्याची जी ठिकाणे आहेत त्यांतली किकस्टार्टर ही २००९ पासूनची, आणि तिचा नियम मला कडक पण प्रामाणिक वाटतो: तुम्ही लक्ष्य आणि मुदत जाहीर करायची, मुदतीत लक्ष्य गाठले तर लोकांच्या कार्डावरून पैसे वळते होतात, नाहीतर एक पैसाही नाही. पाच टक्के त्यांचे, शिवाय देवघेवीचा खर्च वेगळा. आम्ही ३,००० चे लक्ष्य आणि तीस दिवस ठेवले. पहिल्या दिवशी मी चारशे जणांना एकच पत्र पाठवले आणि संध्याकाळपर्यंत नऊ जणांनी पैसे दिले, त्यांतले चार नटांचे आईवडील. दहाव्या दिवशी आकडा ८६० वर येऊन थांबला तो हलेचना, आणि काकूंनी लिंक उघडली ती याच सुमारास.

त्या रात्री मला तुमचे पावतीपुस्तक आठवले. लाल कापडी पाठीचे, मध्ये निळा कार्बन, आणि स्थळप्रतीवर तुम्ही पेन्सिलीने लिहिलेल्या खुणा: कोणी गेल्या वर्षी किती दिले, कोणाकडे सकाळी जायचे, कोणाकडे जेवणानंतर, आणि एका नावापुढे नुसते ‘मुलीचे लग्न, यंदा नको’. तुम्ही ‘काहीतरी द्या’ असे कधीच म्हणाला नाहीत. ‘पडद्याची दोरी बदलायची आहे, अकरा रुपये लागतात’ असे म्हणत होता, आणि मग समोरच्याला दोरी दिसायची. मी माझ्या चारशे जणांना नुसते ‘कलेला पाठबळ द्या’ असे लिहिले होते. कोणाला काय दिसणार त्यात?

मग आम्ही कौले विकायला काढली. इथली छपरे पाटीच्या काळ्या दगडाची असतात. लीथमधल्या ओळखीच्या एका वाण्याच्या काचेवर मी आमच्या नाटकातले छप्पर खडूने काढले, त्यावर तीनशे रिकामे चौकोन, आणि दहा पौंड देणाऱ्याच्या नावाचे एक करडे कागदी कौल त्या चौकोनात चिकटवायचे. चौकोन रिकामे राहिले तिथे मी निळ्या कागदाचे पावसाचे थेंब लावले होते आणि ते थेट खालच्या बटाट्यांच्या टोपलीत पडताना दिसत. लोक थांबत, आपल्या ओळखीच्यांची नावे वाचत, आणि ‘याने एकच दिले?’ असे म्हणून आत येत. चारशे जणांना पुन्हा पत्र पाठवायचे टाळून मी रोज रात्री पाच जणांना फोन केले. नाव घेऊन मागितले की माणूस ‘नाही’ म्हणतानाही नीट बोलतो आणि बहुधा दुसऱ्या कोणाचे तरी नाव देतो.

पण खरी कोंडी फुटली ती वड्यांच्या संध्याकाळी. चर्चचे सभागृह भाड्याने घेतले, मी आणि ग्लासगोची नटी अशा दोघींनी मिळून दीडशे बटाटेवडे तळले (तिला लसूण जाळायची सवय आहे, पण माणूस चांगले), दहा पौंडांचे तिकीट लावले आणि साठ माणसांसमोर नाटकाचा दुसरा प्रवेश हातात संहिता घेऊन वाचला. तळमजल्याचा गृहस्थ ‘आमच्या डोक्यावर तुमची जमीन आहे’ म्हणाला तेव्हा सभागृह असे हसले की पुढची दोन वाक्ये कोणाला ऐकू गेली नाहीत. मी मागे कढईपाशी उभी होते, अण्णा, आणि तुमच्या वाक्याला लीथमध्ये हशा मिळताना ऐकला. त्यानंतर मी एक शब्द न मागता माणसे फोन काढून कौले घेत होती. त्या एका रात्रीत किकस्टार्टरचा आकडा सातशेने पुढे गेला. तिकिटांतून खर्च वजा जाता ४६० उरले ते वेगळेच. विनोदी नाटकासाठी मागायचे असेल तर आधी थोडे हसवून दाखवावे लागते, हे मला अर्ज लिहिण्याआधी सुचायला हवे होते.

मुदत संपली तेव्हा जमले ३,३४०. कपात होऊन हातात आले ३,०७०, न्यासाचे १,०००, वड्यांचे ४६०, आणि कार्यक्रमपत्रिकेत चाळीस पौंडांची जाहिरात देणाऱ्या आठ दुकानांचे ३२०. एकूण ४,८५०. अजून ५४० कमी आहेत. तुम्ही पाठवतो म्हणालात, ते पाठवू नका. जाहिरातीची आणखी पाच दुकाने होतील असे दिसते, छापील पत्रके अर्धी करणार आहोत, आणि तरीही कमी पडले तर शिल्लक राखून ठेवलेल्या ३०० ला हात लावू. तेवढ्यानेही नाही भागले तर तळमजल्याच्या गृहस्थाचा रेशमी झगा जाईल. त्याने आत्ताच तोंड पाडले आहे.

मला तुमच्याकडून दुसरेच हवे आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत ती पावतीपुस्तके अजून असतील. धाकट्याला वर चढवून त्यांतल्या एका पानाचा, स्थळप्रत आणि पेन्सिलीच्या खुणांसकट, नीट उजेडात फोटो काढायला सांगा; मात्र देणाऱ्यांची नावे अंगठ्याने झाकायला सांगा. नाटकातल्या भाडेकरूच्या हातात तसेच एक पुस्तक द्यायचे दिग्दर्शिकेने ठरवले आहे आणि इथे कार्बनचा कागद कुठे मिळतो ते मी शोधते आहे. हिशेबाचा फलकही तुमच्या पद्धतीने लावणार: शेवटच्या प्रयोगानंतर आठ दिवसांच्या आत, जमा डावीकडे, खर्च उजवीकडे, वाण्याच्या त्याच काचेवर.

आईला सांगा, वड्यांत आले कमी पडले होते, तिचे बरोबर होते. काकूंना नमस्कार, आणि त्यांच्या नावाचे एक कौल मी माझ्या पैशांनी लावले आहे, पाचव्या रांगेत, धुराड्याशेजारी.

तुमची,
धाकटी