खाऊगल्लीत खुर्ची आली तर गाडी जाईल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी पुण्याहून आलेल्या नणंदेला घेऊन आम्ही आपल्या कोल्हापुरातल्या खासबाग मैदानाजवळच्या खाऊगल्लीत गेलो. त्यांचे गुडघे दुखतात. "वहिनी, बसायचं कुठं?" त्यांनी विचारलं. माझ्या मुलानं मोटारसायकल स्टँडवर लावली आणि म्हणाला, "आत्या, गाडीवर टेका की." आपल्याकडं हीच रीत. सीट म्हणजे खुर्ची, पेट्रोलची टाकी म्हणजे टेबल. वन्संनी भेळ कशीबशी संपवली. तेवढ्यात दोनदा मागून हॉर्न वाजला म्हणून उठून बाजूला व्हावं लागलं, ते वेगळंच.

खाऊगल्लीत गाड्या फार, ही आपली जुनी तक्रार. माझ्या मते त्याचं अर्धं कारण बसायला दुसरं काही नसणं हे आहे. गाडी लांब लावून येणाऱ्यानं उभ्यानं खायचं, वर हातात हेल्मेट सांभाळायचं. (कोल्हापुरात हेल्मेट घालतंय कोण, हा वेगळा विषय.) म्हणून संध्याकाळी सात ते साडेदहा गल्ली वाहनांना नुसती बंद करून भागणार नाही, त्याच वेळी तिथं टेबल-खुर्च्या मांडू द्यायला हव्यात. गाड्यांसाठी बिंदू चौकात वाहनतळ आहे. तिथून मिरजकर तिकटीवरून रमतगमत आलं तरी दहा-बारा मिनिटांचा रस्ता. अंबाबाईला आलेले परगावचे भाविक चालतात, अवघडतो तो आपण गावचाच माणूस.

पण खुर्च्यांची मला भीतीही वाटते. आज दोन, उद्या चार, परवा त्यांच्यावर पत्रा. म्हणून आधी रस्त्यावर पिवळी रेघ मारा. चालणाऱ्यांना आणि अग्निशमन दलाच्या बंबाला पुरेल एवढी वाट सोडून उरेल ती जागा खुर्च्यांना. 8 ऑगस्ट 2024 ची रात्र आमच्या भागानं बघितली आहे. शाहू महाराजांच्या काळातलं केशवराव भोसले नाट्यगृह त्या रात्री जळालं. त्याच्याच शेजारी आज स्टॉलवर गॅसची सिलिंडर आहेत. तेव्हा रेघेबाहेर आलेली खुर्ची त्याच रात्री उचलून न्यावी, मालक कुणाचा पाहुणा का असेना. टेबलं घडीची असावीत, छप्पर नको. पावसाळ्यात सगळं गुंडाळलं तरी चालेल, तसाही आपला पाऊस कुणाला बसू देतोय!

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. टेबलाची जागा भाड्यानं द्यायची ठरली तर ती खिसा जड असलेला हॉटेलवाला घेणार आणि शेगडीवर आप्पे करणारी बाई कोपऱ्यात ढकलली जाणार. त्यापेक्षा टेबलं सगळ्यांची सामाईक ठेवा. बसा कुठंही, खा कुठल्याही गाड्यावरचं. 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे शहर फेरीवाला समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडून दिलेले असायला हवेत आणि त्यांत एक तृतीयांश महिला. रेघ कुठं मारायची ते या लोकांना आणि आम्हा रहिवाशांना समोरासमोर बसवून ठरवा. कार्यालयात नकाशावर मारलेली रेघ गल्लीत टिकत नाही.

इंदूरच्या सराफ्यात दिवसा सोनं विकतात आणि रात्री त्याच दुकानांपुढं खवय्ये जमतात. आपल्या सराफांच्या गुजरीत तसं करा असं मी म्हणत नाही, तिथले रहिवासी मला पेठेतून बाहेर काढतील. खाऊगल्ली मात्र आधीपासून खाण्याचीच आहे. महिनाभर फक्त शनिवार-रविवार करून बघायला काय हरकत आहे?

आणि लोकांना बसवून खायला घालणार असाल तर हात धुवायला नळ हवा, बायकांना जवळपास स्वच्छ स्वच्छतागृह हवं. त्या रविवारी वन्संना घेऊन मला त्यासाठीच घाईनं घर गाठावं लागलं.

आपली,
एक गृहिणी, मंगळवार पेठ, कोल्हापूर