आरएसव्हीचं इंजेक्शन नेहमीच्या लसींच्याच दिवशी

महोदय,

मी सातारा जिल्ह्यात 32 वर्षं आरोग्यसेविका होते. लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेले, तिथला हा अनुभव.

नात ऑगस्टमधली. ऑक्टोबरात दोन महिन्यांच्या लसींना नेलं, तर डॉक्टर म्हणाले, आजच आरएसव्हीचं (तान्ह्या बाळांच्या फुफ्फुसांना त्रास देणारा विषाणू) निर्सेव्हिमॅब हे इंजेक्शनही देऊ. लेकीने घरी कळवलं, लगेच नात्यातून फोन: "एवढ्याशा जिवाला किती टोचणार? ते महिन्याने घ्या." लेक रडकुंडीला आली.

मी तिला एवढंच सांगितलं, की ही लस नव्हे. लस बाळाच्या शरीराला प्रतिपिंडं, म्हणजे रोगजंतूंना रोखणारी प्रथिनं, बनवायला शिकवते. यात तयार प्रतिपिंडंच देतात, तीही फक्त आरएसव्हीच्या विषाणूला धरणारी. त्यामुळे बाकीच्या लसींच्या कामात ती आड येत नाहीत. रक्तातून काढलेलं इम्युनोग्लोब्युलिन (त्यात गोवरासह अनेक रोगांची प्रतिपिंडं असतात) दिलं की गोवराची लस पुढे ढकलतात, ती अडचण इथे नाही. अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्थाही नेहमीच्या लसींसोबत ते द्यायला सांगते. आपणही दीड महिन्याला पेंटा (पाच रोगांची एकत्र लस) डाव्या मांडीत, पीसीव्ही (न्यूमोकोकल न्यूमोनियाची लस) उजव्या मांडीत आणि आयपीव्ही (पोलिओची टोचायची लस) दंडात एकाच दिवशी देतोच की!

नात 5 किलोच्या वर, म्हणून 100 मिलिग्रॅम; त्याखाली 50. उजव्या मांडीत पीसीव्ही आणि तिथून इंचभर खाली हे. संध्याकाळी तेवढी जागा लाल होती, ती किरकिरली, पण दूध नीट प्यायली. क्वचित पुरळ येतं. तीव्र ॲलर्जी अगदी विरळा, पण अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागला तर तडक दवाखाना गाठावा.

महिनाभर थांबणं मात्र मला पटलं नसतं. तिथे आरएसव्हीचा जोर साधारण ऑक्टोबर ते मार्च, आणि धोका सर्वांत जास्त पहिल्या काही महिन्यांतच. श्वास मिनिटाला 50 च्या वर, छाती आत ओढलेली, दूध ओढायला दम नाही, अशी बाळं मी घड्याळ धरून मोजली आहेत. गर्भारपणी घ्यायची आरएसव्हीची लस तिथे 32 ते 36 आठवड्यांत, तीही सप्टेंबर ते जानेवारीतच देतात; लेकीचे ते आठवडे उन्हाळ्यात गेले. म्हणजे नातीला दुसरा आधार नव्हता.

परदेशी लेकी-सुनांच्या बाळंतपणाला जाणाऱ्या आज्यांनो, फोनवर "थांबा" म्हणण्याआधी तिथल्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. आणि संपादकांना विनंती, बातमीत याला ‘लस’ न लिहिता ‘प्रतिपिंडांचं इंजेक्शन’ लिहावं. आमच्या घरातला घोळ त्या एका शब्दाने झाला होता.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, सातारा