हात मागे बांधून

कोथरूड, पुणे
रविवार, रात्र

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

दुपारी जेवताना तुझा फोन सारखा वाजत होता आणि दर वेळी तू एकच वाक्य बोलत होतास, "राहू दे, मी करतो." आमटी गार झाली त्याचं मला काही नाही. पण हे वाक्य मी नर्सच्या नोकरीत वॉर्डात बऱ्याच इन्चार्ज सिस्टरांच्या तोंडून ऐकलंय आणि पुढे त्यांचं काय झालं तेही पाहिलंय. तोंडानं सांगायला लागले असते तर हिंजवडी-वाकडच्या ट्रॅफिकचं नाव काढून तू उठला असतास. म्हणून लिहिते आहे.

तुझं काम चोख म्हणून तुला टीम लीड केलं. आमच्याकडेही तसंच. जिचा हात चांगला, तिला इन्चार्ज करायचं. घोळ तिथूनच सुरू होतो, कारण हात चांगला असलेल्या बाईला दुसरीचं चुकतमाकत चाललेलं बघवत नाही.

नवीन स्टाफला शीर शोधायला शिकवायचं म्हणजे काय असतं, सांगते. समोर म्हातारी पेशंट, हात वाळलेले. शिरा दिसतात, पण सुई टेकली की सरकतात. ती इन्ट्राकॅथ, म्हणजे सलाइनसाठी शिरेत घालायची सुई-नळी, मी मिनिटात लावली असती. पण मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला हात मागे बांधून उभी राहायचे. मुद्दाम मागे, कारण पुढे ठेवले की ते आपोआप त्या पोरीच्या हातावर जातात. ती टॉर्निकेट, म्हणजे शीर फुगवायचा पट्टा, बांधायची, आजींना हात खाली सोडायला सांगायची, चाचपायची. डोळ्यांवर जाऊ नकोस, बोटानं शोध, एवढं मी आधी सांगून ठेवलेलं असायचं. अंगठ्यानं कातडी ताणून धरली की शीर सरकत नाही, हे मात्र प्रत्येकीला एकदा सरकल्यावरच पटायचं. मागच्या टोकात रक्ताचा लाल ठिपका आला की तिचा चेहरा बघावा.

पण त्याला कुंपण होतं. दोन प्रयत्न. दोनदा नाही जमलं तर सुई दुसरीच्या हातात, आणि त्यात कमीपणा मानायचा नाही हे आधीच ठरलेलं. आपल्या शिकण्यापायी पेशंटचे हाल होता कामा नयेत. तुझ्याकडेही हे करता येईल. काम देतानाच सांग की काय बिघडलं तरी निभावेल, काय बिघडून चालायचं नाही आणि किती वेळ अडकल्यावर तुला हाक मारायची. नुसतं "तू बघ, तुला जमेल" म्हणून निघून जाणाऱ्या इन्चार्जही मी पाहिल्यात. त्यांच्या हाताखाली पोरी शिकायच्या नाहीत, घाबरायच्या.

आम्ही ट्रेनिंगला होतो तेव्हा आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचं नाव उठता-बसता घेतलं जायचं. त्यांनी 1859 च्या 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्ये व्यवस्थापनावर एक अख्खं प्रकरण लिहिलंय. त्याचा गाभा एवढाच, की तुम्ही हजर असताना जे होतं, ते तुम्ही नसतानाही होईल अशी सोय लावा. पुढच्या महिन्यात चार दिवस कोकणात जायचं म्हणालास ना? लॅपटॉप घरी ठेवून जाता आलं तर समज टीम तयार होते आहे.

आता जरा वेगळं. आमच्याकडे एनएबीएचची, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाला मिळणाऱ्या मान्यतेची, तयारी सुरू झाली तेव्हा इन्सिडंट रिपोर्टचे फॉर्म आले. औषधाची वेळ चुकली, डोस चुकला, पेशंट पडला, सगळं लिहायचं. ज्या वॉर्डाचे फॉर्म जास्त, तो वॉर्ड वाईट, असं सगळ्यांना वाटायचं. ट्रेनिंगला आलेल्या मॅडमनी एमी एडमंडसन यांचं उदाहरण दिलं. या बाई हार्वर्डमध्ये संशोधन करत होत्या, 1990 च्या दशकातली गोष्ट. दवाखान्यात औषधं देताना होणाऱ्या चुका त्या तपासत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील असा त्यांचा अंदाज. आकडे उलटे आले! खोलात गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की चांगल्या टीममधली माणसं चुका लपवत नव्हती, म्हणून त्या मोजल्या जात होत्या. मला हे लगेच पटलं. एका मेट्रनच्या, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या प्रमुख बाईंच्या, राउंडला आम्ही सगळ्या चिडीचूप असायचो, कारण त्या भर वॉर्डात नातेवाइकांसमोर झाडायच्या. त्यांच्या काळात कागदावर सगळं आलबेल होतं.

याचा अर्थ चुकीला चूक म्हणायचं नाही असा नाही. त्याच दिवशी सांगायचं, बाजूला घेऊन सांगायचं, आणि कामाबद्दल सांगायचं. "तू अशीच आहेस" असं एकदा म्हटलं की पुढचं काही तिला ऐकू येत नाही. वर्षाच्या शेवटी अप्रेझलच्या खोलीत जुनी उधारी काढायची तुमची पद्धत मला तर भयंकर वाटते.

तुझ्या टीममधला तो परभणीचा मुलगा मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही म्हणून तू वैतागला होतास. कामात तर तो बरा आहे म्हणतोस. मग त्याला चहाला खाली टपरीवर घेऊन जा आणि मराठीत विचार, त्याला पुढे काय शिकायचंय. जागतिक आरोग्य संघटनेनं 2008 मध्ये ऑपरेशनसाठी एक चेकलिस्ट आणली. ती तयार करणाऱ्यांचे प्रमुख डॉ. अतुल गावंडे, त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटीचे. त्या यादीत चीर देण्याआधी थिएटरमधल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम मोठ्यानं सांगायचं, असं कलम आहे. पोरखेळ वाटतो. पण सुरुवातीला एकदा ज्याचा आवाज फुटला, तो पुढे काही खटकलं तर बोलण्याची शक्यता वाढते. मीटिंगमध्ये सगळ्यांत आधी त्याला विचार, तुझं मत झाल्यावर नको. लीडचं मत आलं की बाकीच्यांची फक्त मान हलते.

तुमचं ते वाढदिवसाचे केक आणि टीम लंच चालू दे, त्यानं काही बिघडत नाही. पण माणसं जपली जातात ती ड्युटी लिस्ट लावताना. माझा त्यात रविवार जायचा. लातूर-बीडकडच्या मुलींना दिवाळीत घरी जायचं असे, केरळच्या सिस्टर दिवाळीत नाइट करायच्या आणि नाताळला ऑफ घ्यायच्या. विसर्जनाच्या दिवशी पेठांतून बाहेर पडायची सोय नसते, म्हणून तिकडच्या मुलींना त्या दिवशी ऑफ. नाइट कुणाच्या किती झाल्या ते भिंतीवर लावलेलं असायचं, त्यात माझंही नाव असायचं. त्या कागदानं जेवढी भांडणं मिटवली तेवढी माझ्या बोलण्यानं कधी मिटली नाहीत.

तू जाता जाता जिन्यात विचारलंस त्याचं उत्तर राहिलं. तुझ्या टीममधली सगळ्यांत हुशार मुलगी दुसऱ्या टीममध्ये मोठ्या कामावर जायचं म्हणते आहे, सही करू का थांबवू? सही कर. चांगली स्टाफ हातची जाऊ नये म्हणून तिचा रिपोर्ट मुद्दाम बेताचा लिहिणाऱ्या इन्चार्ज मला माहीत आहेत. पोरींना ते कळतं, आणि मग कुणी जीव ओतून काम करत नाही. माझी एक स्टाफ पोस्ट बेसिक बी.एस्सी.ला, म्हणजे नर्सिंगच्या पुढच्या पदवीला गेली, कोर्स दोन वर्षांचा. तिच्याशिवाय आयसीयूचे दिवस कठीण गेले हे खरंच. पण ती गेली हे बघून आणखी दोघींनी फॉर्म भरले आणि बदली मागणाऱ्या मुली आमच्याच वॉर्डाचं नाव लिहायला लागल्या.

मात्र तारीख तिच्याशी बोलून ठरव. मधले आठवडे तिच्या शेजारी त्या परभणीच्या मुलाला बसव. क्लायंटच्या कॉलला आधी त्यानं नुसतं ऐकावं, मग अर्धं त्यानं बोलावं आणि तिनं सावरावं, शेवटचे कॉल सगळे त्याचे. तू कॉलवर राहा, पण माइक बंद ठेवून.

तुझी,
आई