पाड्यावरच्या टाकीसाठी मनापासून आभार

ज्यांची नावं आम्हाला माहीतच नाहीत त्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. आमचा पाडा शहापूर तालुक्यात, म्हणजे तानसा, भातसा ही धरणं आमच्याच भागात, तानसाचं पाणी तर 1892 पासून मुंबईला जातंय, आणि तरी एप्रिल आला की आमच्या बायका डोंगर उतरून विहिरीवर, तळाशी बसून वाटीवाटीने हंडा भरायचा, तेही गढूळ, मग पोरांना जुलाब.

आता त्या विहिरीवर सोलर पंप आहे, ऊन असेपर्यंत पाणी वरच्या टाकीत चढतं आणि तिथून उताराने नळाला येतं, डिझेल नाही, लाईटबिल नाही. पैसे देणाऱ्यांनी नाव नको म्हटलं म्हणे, म्हणून इथूनच थँक्यू. खांद्यावरून पाईप वर चढवणारी कॉलेजची पोरं, तुम्हालाही. आणि त्या ताई, ज्यांनी पाण्यात टीसीएल पावडर (जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर) किती टाकायची, टाकल्यावर अर्धा तास थांबायचं हे घराघरात समजावलं, माझ्या मते टाकीपेक्षा हे काम मोठं, कारण टाकी बांधून निघून जाणारे खूप असतात.

माझी धाकटी बहीण आता रोज शाळेत जाते, आधी हंड्यांपायी तिचे तास बुडायचे.

पंपाच्या रिपेअरिंगसाठी घरटी वर्गणी सुरू केलीय, हिशोब बचत गटाकडे आहे, काळजी करू नका. कधी इकडे आलात तर हवं तर नाव सांगू नका, पण जेवल्याशिवाय आम्ही सोडणार नाही.