भरतीची रेघ कुणी मारायची? सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: किनाऱ्यावरील सुशोभीकरणाच्या निधीतून समुद्राची नोंद ठेवणारी कला उभी करण्याबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

कोकणातल्या कुठल्याही चौपाटीवर हल्ली तीन गोष्टी हमखास भेटतात. गावाच्या इंग्रजी नावाशेजारी लाल बदाम असलेला सेल्फी पॉइंट, फायबरचा डॉल्फिन आणि भिंतीवर रंगवलेली कोळीण, डोक्यावर पाटी, चेहऱ्यावर हसू. पहिल्या पावसाळ्यात भिंतीचा रंग जातो, दुसऱ्यात डॉल्फिनची शेपटी. मग नव्याने निविदा निघते. हे सगळं दिसायला वाईट आहे अशी माझी तक्रार नाही; आवडीनिवडीवरून सरकारला पत्र लिहिण्याचं माझं वय राहिलेलं नाही. तक्रार ही आहे की जिथे समुद्र सगळ्यात जास्त बदलतो आहे, नेमकं तिथेच आपण सरकारी खर्चाने अशा वस्तू उभ्या करतो, आणि त्या समुद्राविषयी चकार शब्द काढत नाहीत.

मी रत्नागिरीत चित्रकला शिकवून निवृत्त झालो. आमच्या मिऱ्याचा किनारा आपल्याला फायलींमधून माहीत असेल. दरवर्षी पावसाळ्यात धूप, दरवर्षी धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी, मग दगड, मग टेट्रापॉड म्हणजे काँक्रीटचे चार पायांचे ठोकळे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडे गेलं, पण जाता जाता त्याने 'बसरा स्टार' नावाचं अख्खं जहाज आमच्या मिऱ्याच्या बंधाऱ्यावर आणून टाकलं. ते तिथेच गंजत पडलं आणि लोक लांबून लांबून ते बघायला यायला लागले. अलीकडच्या काळात रत्नागिरीत सगळ्यात जास्त पाहिलं गेलेलं शिल्प कुठलं असेल तर ते हेच. त्याला अनुदान लागलं नाही, उद्घाटनाला कुणी आलं नाही, आणि हवामान बदलतंय हे सांगायला त्याच्या शेजारी फलकही लागला नाही.

एलिमेंटरीच्या स्मरणचित्रासाठी 'समुद्रकिनारा' हा आवडता विषय. मुलं काय काढतात हे महाराष्ट्रातला कुठलाही चित्रकलेचा मास्तर डोळे मिटून सांगेल: दोन डोंगर, मध्ये सूर्य, एक माड, एक शिडाची होडी. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणारी मुलंही हेच काढतात. एकदा मिऱ्याच्या एका मुलीने मात्र जवळजवळ सगळा कागद काळ्या दगडांनी भरला, आणि वरच्या कडेला बोटभर निळी पट्टी ठेवली. मी विचारलं तर म्हणाली, "सर, आमच्या ओट्यावरून एवढाच दिसतो." तिच्या ओट्यावरून जे दिसतं ते आमच्या एकाही सुशोभित भिंतीवर नाही.

वाढत्या समुद्राची अडचण अशी की तो वाढताना दिसत नाही. २००६ ते २०१८ या काळात जगाची सरासरी पातळी वर्षाला ३.७ मिलिमीटरने वाढली. हा आकडा कुठल्याही भिंतीवर उभा राहून डोळ्यांना दिसणार नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानसंशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ कधीपासून सांगत आहेत की अरबी समुद्र तापतो आहे आणि त्यातली चक्रीवादळं वाढली आहेत. १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत पुढच्या १९ वर्षांत ही वाढ ५२ टक्क्यांची आहे. फयान, निसर्ग, तौक्ते ही नावं किनाऱ्यावर आता घरातल्या पाहुण्यांसारखी घेतली जातात. आणि हेही खरं की आमची सगळी धूप काही हवामानबदलाने होत नाही. वाळूउपसा, बंदरांच्या भिंती आणि खुद्द आमचे बंधारे यांचाही त्यात हात आहे. एका वाडीपुढे बांधलेला बंधारा लाटेला शेजारच्या वाडीवर ढकलतो, हे देवबागपासून सातपाटीपर्यंत कुणालाही विचारा. हे सगळं एका चित्रात कसं आणायचं, ते काम कलाकारांचं. पण त्यांना भिंत आपण द्यायला हवी.

हे कसं होतं याचा मला सगळ्यात पटलेला नमुना स्कॉटलंडमधला आहे. आउटर हेब्रिडीज बेटांवर लॉकमॅडी नावाचं छोटं बंदर आहे. तिथल्या संग्रहालय-कलाकेंद्रात पेक्का निट्टिवर्टा आणि टिमो आहो या दोन फिनिश कलाकारांनी २०१८ मध्ये एक काम केलं. इमारतींच्या भिंतींवर आणि भोवतालच्या माळावर त्यांनी पांढऱ्या प्रकाशाच्या आडव्या रेघा बसवल्या. उधाणाची भरती आणि वादळ एकत्र आलं तर पुढच्या काळात पाणी कुठपर्यंत येईल, ती ही उंची. खाली संवेदक बसवले होते, भरती आली की रेघा उजळायच्या. बस, एवढंच. त्यात मासा नाही, पृथ्वीचा गोळा नाही, 'वाचवा'चं घोषवाक्य नाही. रेघ तुमच्या छातीवरून जाते, खिडकीच्या मधून जाते, आणि आपण कुठे उभे आहोत ते माणसाला कळतं. वर आणखी एक गोष्ट: वादळी भरतीच्या याच अंदाजामुळे त्या कलाकेंद्राला आहे त्या जागेवर विस्तार करणं अवघड झालं होतं. म्हणजे ती रेघ त्या संस्थेच्या स्वतःच्याच भवितव्यावर मारलेली होती. आपल्या एखाद्या खात्याने स्वतःच्या इमारतीवर अशी रेघ मारू दिली असती का, हा प्रश्न मी खवचटपणे नाही, खरोखरच विचारतो आहे.

घराजवळचं उदाहरण हवं असेल तर कोची. कोची-मुझिरिस बिनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं समकालीन कलेचं प्रदर्शन, १२ डिसेंबर २०१२ ला सुरू झालं. ते उभं करणारे बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू हे दोघेही आपल्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले, मुंबईत काम करणारे. त्यांना २०१० मध्ये बोलावून घेतलं ते केरळच्या सांस्कृतिक मंत्र्यांनी. माणसं आपली, मंत्री त्यांचे. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात महापूर आला. पैसे मदतकार्याकडे वळवा, बिनाले रद्द करा, असं म्हणणं सोपं होतं, पण डिसेंबरात ते भरलं. त्यात बांगलादेशच्या मार्झिया फरहाना यांनी पूरग्रस्त घरांतल्या खराब झालेल्या वस्तू, फ्रिज, फर्निचर, पुस्तकं, गोळा करून दोरांनी छताला टांगल्या. त्याआधी २०१६ मध्ये चिलीचे कवी राउल झुरिता यांनी तिथल्याच एका गोदामात समुद्राचं पाणी भरलं होतं. पलीकडच्या भिंतीवरची कविता वाचायला लोक घोट्यावर पाणी तुडवत जायचे. पाण्यातून चालल्याशिवाय ती वाचताच येत नव्हती.

आपल्याकडे असं काही झालंच नाही असं नाही. १८७५ पासून चालू असलेल्या ससून डॉकवर २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२२-२३ च्या हिवाळ्यात मोठी प्रदर्शनं झाली. दुसऱ्याचा विषयच समुद्र आणि शहर यांच्यामधली जागा हा होता. एकीकडे कोलंबी सोलणाऱ्या बायका, बर्फाच्या गाड्या, मासळीचा वास, आणि पलीकडच्या गोदामात समकालीन कला. गर्दीही झाली. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले पराग तांडेल आणि कादंबरी कोळी यांनी 'तांडेल फंड ऑफ आर्काइव्ह्ज' नावाने कोळ्यांच्या आठवणी, जाळी, बोली, जिन्नस जमवायला घेतले, तेही कोळीवाड्यातच राहून. बोंबील आणि खाडी हे त्यांच्या कामाचे विषय. ज्यांच्या दारातली खाडी गेली, त्यांनीच तिची कला केली. मुंबईबाहेर मात्र हे पोचत नाही. ससून डॉकचं प्रदर्शन उठलं की उठलं. वसईच्या, हर्णैच्या, मालवणच्या माणसाने ते पाहायचं कुठे?

आता निवतीबद्दल. सिंधुदुर्गातल्या निवती रॉकजवळ 'आयएनएस गुलदार' ही निवृत्त युद्धनौका समुद्रतळाशी ठेवून संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभिंत करण्याचा प्रकल्प राज्याने हाती घेतला आहे. माझा त्याला विरोध नाही. मेक्सिकोतल्या कँकूनला शिल्पकार जेसन डीकेअर्स टेलर यांनी पाण्याखाली शेकडो पुतळे ठेवले ते पाणबुड्या पर्यटकांची गर्दी खऱ्या प्रवाळापासून दूर वळावी म्हणून, आणि पुतळ्यांवर प्रवाळ धरावं म्हणून. हेतू चांगला. पण पाण्याखालचं संग्रहालय पाहणार कोण? डायव्हिंगचे पैसे भरू शकणारा पर्यटक. किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या माणसाला आपल्याच समुद्राखालचं संग्रहालय परवडायचं नाही. याच टेलर यांचं दुसरं काम माझ्या डोळ्यांपुढे आहे. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलला २०१९ मध्ये त्यांनी किनाऱ्याजवळ, पाण्याच्या वर, एक मुलगी उभी केली, तिथल्या आदिवासी समाजातल्या खऱ्या मुलीवरून. ग्रेट बॅरियर रीफवरच्या केंद्रातून पाण्याचं तापमान येतं आणि त्याप्रमाणे ती मुलगी रंग बदलते. गार पाण्याला निळी, तापलं की लाल. तिकीट नाही, पोहता यायची गरज नाही. आपल्याकडे हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती केंद्राकडून उंच लाटांचे आणि उधाणाचे इशारे येतातच. ते मच्छीमारांच्या मोबाइलवर येतात, त्यांतलं थोडंसं जेट्टीवरच्या एखाद्या कामात उतरलं तर काय बिघडेल?

एक विनंती: परदेशातलं उचलायचं तर सगळंच उचलू नका. ओलाफुर एलियासन या कलाकाराने ग्रीनलँडच्या बर्फाचे मोठाले तुकडे २०१५ मध्ये पॅरिसला आणि २०१८ मध्ये लंडनला आणून चौकात वितळायला ठेवले. जगभर फोटो छापून आले. पण बर्फ एवढ्या लांबून वाहून आणून तो वितळतोय हे दाखवायचं, यात मला तरी काही शहाणपण दिसत नाही. तसली भव्यता आमच्याकडे नको. आमच्या किनाऱ्याला बोलायला दगड, चुना, जुनी जाळी आणि खांबावरची एक रेघ पुरे.

मागणी साधी आहे. किनाऱ्याच्या पाच जिल्ह्यांत आणि मुंबईच्या कोळीवाड्यांत सुशोभीकरणावर जो खर्च होतोच आहे, त्यातला ठरावीक हिस्सा अशा कामांसाठी बाजूला काढा. काम निवडायला समिती नेमणार असाल तर तिच्यात एक मच्छीमार सोसायटीचा माणूस, एक समुद्रविज्ञानाचा माणूस आणि एक कलाकार असू द्या. कंत्राटदार नको. प्रत्येक गावात निदान एक काम असं असावं की त्यात तारीख आणि पाण्याची उंची आहे: निसर्गचं पाणी कुठवर आलं, तौक्तेचं कुठवर, उद्याचं कुठवर यायची शक्यता आहे. पिंगुळीच्या चित्रकथींना, डहाणू-तलासरीच्या वारली चित्रकारांना या विषयात आणा. जाळं आणि पाणी त्यांच्या हातात आधीपासूनच आहे. मात्र 'तीन दिवसांत शंभर फूट भिंत' असल्या स्पर्धा घेऊन नाही. महिना-दोन महिने कोळीवाड्यात राहण्याचं मानधन द्या.

आणि काम टोचलं तर ते पुसू नका. कोस्टल रोडच्या दोन खांबांमधलं अंतर ६० मीटरवरून १२० मीटर करून घ्यायला वरळीच्या कोळ्यांना केवढं झगडावं लागलं, हे एखाद्या कलाकाराला मांडायचं असेल तर ते वरळीतच, सरकारी पैशातून मांडता यायला हवं. मालदीवमध्ये २००९ साली मंत्रिमंडळाने पाण्याखाली बैठक घेऊन जगाचं लक्ष वेधलं, आणि नऊ वर्षांनी त्याच देशाच्या सरकारने टेलर यांचे समुद्रातले पुतळे पोलीस पाठवून फोडले. कारण धर्माचं दिलं गेलं. सरकारला समुद्राविषयीची कला हवी असते, ती आपल्या सोयीची असेपर्यंत.

अडचण कुठे येईल तेही सांगतो. कला संचालनालय उच्च व तंत्र शिक्षणाकडे, बंधारे पतन म्हणजे बंदर विभागाकडे, जेट्टी मेरिटाइम बोर्डाकडे, किनाऱ्याच्या परवानग्या पर्यावरणाकडे, सेल्फी पॉइंट पर्यटनाकडे आणि संस्कृती आपल्याकडे. एका रेघेसाठी सहा टेबलं. म्हणून हे पत्र आपल्याला. सुरुवात मिऱ्यापासून करायची असेल तर पतन विभागाचं ना-हरकत पत्र आधी लागेल. बंधाऱ्यावरचं काम ऑक्टोबर ते मे एवढ्याच काळात करता येतं, तेव्हा आदेश गणपतीच्या आधी निघाला तर यंदाचा हंगाम सापडेल. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी काही जण आज शिल्पकार, चित्रकार आहेत, दोघे-तिघे अजून होडीवर जातात. त्यांची यादी मी जिल्हाधिकारी कार्यालयात नेऊन द्यायला तयार आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त कलाशिक्षक
रत्नागिरी